क्लॉपनंतर कोण? लिव्हरपूलच्या रिकाम्या होणाऱ्या खुर्चीचे उमेदवार

एनफिल्ड_रोड | १५ एप्रिल २०२४

हा मोसम संपला की क्लॉप लिव्हरपूलचं मॅनेजरपद सोडतोय. काल आपल्या एनफिल्ड मैदानावर क्रिस्टल पॅलेसकडून ०-१ हरलो. त्याआधी गुरुवारी अटलांटाने घरात येऊन ०-३ ने झोडपलं. लीगमध्ये मँचेस्टर सिटीचे ७३ गुण, आर्सेनलचे आणि आपले ७१, त्यामुळे गणित अजून संपलेलं नाही, पण संघ दमलाय हे लांबूनही दिसतंय. आणि काल रात्रीच जर्मनीत लेव्हरकुसेनने वेर्डर ब्रेमेनचा ५-० धुव्वा उडवून क्लबच्या इतिहासातलं पहिलं बुंडेसलिगा (जर्मन लीग) विजेतेपद मिळवलं. आपला जुना खेळाडू असलेल्या ज्या शाबी अलोन्सोला आपण जानेवारीपासून मनातल्या मनात आपल्या डगआउटमध्ये बसवून टाकलं होतं, त्याच्या संघाने.

अलोन्सो लेव्हरकुसेन सोडणार नाही हे त्याने २९ मार्चलाच जाहीर केलंय. त्याचा विषय बाजूला ठेवू आणि जे खरंच येऊ शकतात त्यांच्याबद्दल बोलू.

माझं म्हणणं आधीच मांडतो. आपण तुलना सुरू करतो ती कोणाचं नाव मोठं आणि कोणाचा फुटबॉल देखणा इथून. त्याआधी काम काय आहे ते बघायला हवं. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या मॅनेजर रॉजर्सला काढून क्लॉपला आणलं तेव्हा घडी विस्कटलेली होती, सगळं नव्याने बसवायचं होतं. आज तसं नाही. हेंडरसन, फॅबिन्यो, मिल्नर, केटा, चेंबरलेन गेल्या उन्हाळ्यात गेले. मॅक अ‍ॅलिस्टर, सोबोस्लाय, एंडो, ग्राव्हेनबर्ख आले. म्हणजे मधली फळी एका झटक्यात बदलून झालीये. फेब्रुवारीत वेम्बलीवर चेल्सीविरुद्ध लीग कप जिंकला, तेव्हा जादा वेळेत मैदानावर अकादमीची किती पोरं होती ते आठवा. जाणारा माणूस घर आवरून चाललाय. येणाऱ्याने भिंती पाडायची गरज नाही.

दुसरी गोष्ट, निवड कोण करणार? आपला जुना स्पोर्टिंग डायरेक्टर मायकल एडवर्ड्स मालकांच्या वतीने परत आलाय आणि बोर्नमथचा रिचर्ड ह्यूज स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून येतोय. खरेदीविक्रीची सूत्रं या दोघांकडे असणार. 'माझे खेळाडू मीच निवडणार' म्हणणारा मॅनेजर कितीही गुणी असला तरी इथे सहा महिन्यांत भांडण ठरलेलं.

आता नावं.

रुबेन अमोरिम. सध्या सगळीकडे याचीच हवा आहे, आणि ती उगाच नाही. २०२० मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगने ब्रागाला १ कोटी युरो मोजून त्याला आणलं. मॅनेजर म्हणून मोठ्या पातळीवर त्याचा अनुभव तेव्हा जेमतेम होता. पुढच्याच मोसमात स्पोर्टिंगने १९ वर्षांनी लीग जिंकली. यंदाही विजेतेपदाच्या वाटेवर आहेत. कॉव्हेंट्रीहून आणलेल्या ग्योकेरेसचं त्याने काय करून ठेवलंय ते बघाच. वय ३९, बोलणं उत्तम, ड्रेसिंग रूमवर पकड. पण तो ३-४-३ (तीन बचावपटू, चार मध्ये, तीन पुढे) खेळवतो आणि त्यातून हलत नाही. मधोमध दोनच खेळाडू. आपल्याकडे मॅक अ‍ॅलिस्टर, सोबोस्लाय, ग्राव्हेनबर्ख, जोन्स, एंडो, इलियट असे सहा जण आहेत, त्यातले चौघे बाकावर. ज्यांच्यावर आत्ताच एवढा पैसा ओतला त्यांनाच बाहेर बसवायचं? माझी मोठी शंका हीच.

ब्रायटनचा डी झेर्बी. चेंडू पायाखाली धरून प्रतिस्पर्ध्याला अंगावर ओढायचं आणि मग त्याच्या मागून निसटायचं, हे ब्रायटनने त्याच्या हाताखाली गेल्या वर्षी इतकं सुंदर केलं की एनफिल्डवरही आपण गोंधळलो होतो. सहावा क्रमांक आणि पहिल्यांदाच युरोप ही मोठी कमाई आहे. पण यंदा गाडी अडकलीये, रोमाने युरोपा लीगमध्ये पहिल्याच लेगमध्ये ४-० ने उडवलं. शिवाय क्लबच्या खरेदीबद्दल तो उघडपणे बोलतो. वरचा मुद्दा बघा.

नागेल्समन जर्मनीच्या राष्ट्रीय संघात आहे, घरचा युरो तोंडावर आहे. तो येईल असं मला वाटत नाही.

आपला जुना कर्णधार जेरार्ड. प्रेम आहे, राहील. पण मॅनेजर म्हणून अ‍ॅस्टन व्हिलामधला त्याचा कारभार आपण सगळ्यांनी पाहिलाय.

आर्न स्लॉट, नेदरलँड्सच्या फेयेनूर्डचा मॅनेजर. याच्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. २०२२ च्या उन्हाळ्यात फेयेनूर्डने सिनिस्तेरा लीड्सला, मलासिया मँचेस्टर युनायटेडला, आउर्सनेस बेनफिकाला आणि सेनेसी बोर्नमथला विकला. आदल्या मोसमात कॉन्फरन्स लीगची फायनल खेळलेला संघ असा उचलून नेला. आणि पुढच्या मोसमात त्याने लीग जिंकली. नव्या, स्वस्त खेळाडूंना शिकवून. सेनेसीचा व्यवहार झाला तेव्हा बोर्नमथची खरेदी बघणारा ह्यूजच होता, त्यामुळे स्लॉटचं काम त्याने जवळून बघितलेलं असणार हा माझा अंदाज.

तो चार बचावपटूंनी खेळतो, प्रेसिंग वरपासून करतो आणि आहे तो खेळाडू सुधारतो. आपल्या कामाच्या वर्णनाशी इतका जुळणारा दुसरा कोणी मला यादीत दिसत नाही.

आता बोला.

इस्तंबूल२००५ | १५ एप्रिल २०२४

धागा छान, पण निष्कर्ष साफ अमान्य.

डच लीग म्हणजे प्रीमियर लीग नव्हे. फ्रँक डी बोअरने आयाक्सला सलग चार वेळा लीग जिंकून दिली होती. क्रिस्टल पॅलेसमध्ये लीगचे चार सामने टिकला, त्यात एकही गोल नाही. आयाक्समधूनच आलेल्या टेन हागचं मँचेस्टर युनायटेडमध्ये काय चाललंय ते बघताच आहात. आणि तुमचा स्लॉट युरोपात रोमापुढे तीन वर्षं सलग अडकलाय: २०२२ ची तिरानातली फायनल, २०२३ ची उपांत्यपूर्व फेरी आणि यंदा फेब्रुवारीत पेनल्टीवर. मोठ्या रात्री जिंकायला काय लागतं ते एनफिल्डवर येणाऱ्याला माहीत असायला हवं.

अमोरिमचं म्हणाल तर पद्धत बदलता येते, माणूस बदलता येत नाही. त्याच्यात ती आग आहे. क्लॉपच्या जागी थंड माणूस आणलात तर कॉप स्टँड (एनफिल्डवरचे आपले कट्टर प्रेक्षक) पहिल्याच पराभवाला मान फिरवेल. एक विचारतो: अलोन्सोही तीन बचावपटूच खेळवतो. तेव्हा कोणाला शंका आली नव्हती ती?

एनफिल्ड_रोड | १५ एप्रिल २०२४

तेव्हाही मी फार उतावीळ नव्हतो, जानेवारीतल्या धाग्यात तसं लिहिलंय. अलोन्सोच्या योजनेचा कणा म्हणजे ग्रिमाल्डो आणि फ्रिम्पाँग हे दोन विंगबॅक (कडेने वर-खाली पळणारे बचावपटू). तसे आपल्याकडे नाहीत. लेफ्ट-बॅक रॉबर्टसन तिशीत पोचलाय आणि राइट-बॅक ट्रेंटला कडेने पळवत ठेवणं म्हणजे त्याचा पास वाया घालवणं. अलोन्सोवर आपला जीव होता तो २००५ च्या इस्तंबूलमधल्या चॅम्पियन्स लीग फायनलच्या रात्रीमुळे, पेनल्टी अडली तरी परत आलेल्या चेंडूवर ३-३ केलं त्यामुळे. त्या प्रेमाला मी नाव ठेवत नाही. पण नेमणूक करताना ते मोजायचं नाही.

डी बोअरबद्दल: त्याने पॅलेससारख्या बचाव करून पलटवार करणाऱ्या संघाला एका उन्हाळ्यात आयाक्स बनवायला घेतलं होतं. चुकीच्या संघात चुकीचा माणूस. माझा मुद्दा तोच तर आहे.

ठाणेकर_६ | १६ एप्रिल २०२४

+१ एनफिल्ड_रोड. इतिहासही हेच सांगतो. १९७४ मध्ये आपले मॅनेजर शँक्ली अचानक निवृत्त झाले तेव्हा क्लबने बाहेरचं मोठं नाव शोधलं नाही. त्यांचेच सहाय्यक बॉब पेस्लींना बसवलं, जे मुळात तयारही नव्हते. सहा लीग आणि तीन युरोपियन कप. फेगननी १९८४ मध्ये त्याच घडीवर युरोपियन कप आणला. जे चाललंय ते न मोडणारा माणूस हवा.

उलट बाजूने युनायटेड. फर्ग्युसन गेल्यावर मोयेस आला आणि जवळजवळ सगळा कोचिंग स्टाफ बदलून टाकला. दहा महिन्यांत घरी.

इस्तंबूल२००५ | १६ एप्रिल २०२४

पेस्ली शँक्लींच्याच बूट रूममधले (क्लबच्या प्रशिक्षकांच्या खोलीतल्या गटातले) होते हो, सगळे खेळाडू त्यांच्या हाताखालून गेलेले. स्लॉट कुठल्या बूट रूममधून येतोय? घडी तीच ठेवायची तर क्लॉपचा सहाय्यक लाइंडर्सला द्यायला हवं होतं, पण तोही क्लॉपसोबत चाललाय. बाहेरूनच आणायचा तर ताकदीचा आणा. २०१० मध्ये आपण आणलेला हॉजसन पण आदल्या मोसमात फुलहॅमला युरोपा लीगच्या फायनलमध्ये घेऊन गेलेला 'समंजस' पर्याय होता. जानेवारीत काढावा लागला.

शाहू_स्टेडियम | १६ एप्रिल २०२४

मी कोल्हापुरात मुलांना शिकवतो, वरच्या पातळीचं फार कळतं असा दावा नाही. पण चारवरून तीन बचावपटूंवर जायला काय लागतं ते हाताने करून बघितलंय, म्हणून लिहितो.

सगळ्यात अवघड काम बाजूच्या सेंटर-बॅकचं असतं. विंगबॅक वर गेला की त्याच्या पाठीमागची जागा याची. समोरचा विंगर टच-लाइनला चिकटून उभा राहिला की याने त्याच्याकडे सरकायचं की मधल्या स्ट्रायकरला धरून ठेवायचं, हा निर्णय दर मिनिटाला घ्यावा लागतो. पोरं दोन पावलं जातात, थांबतात, मागे बघतात, आणि तेवढ्यात चेंडू आत येतो. हे तोंडी सांगून येत नाही, रोजच्या सरावात मुरावं लागतं. मोठ्या क्लबला मंगळवार-बुधवार युरोप, शनिवार-रविवार लीग, सराव करायला वेळच कुठाय? त्यात यंदा युरो आणि कोपा अमेरिका. निम्मा संघ ऑगस्ट उजाडेपर्यंत सुट्टीवर.

म्हणून पद्धत बदलता येते, माणूस बदलता येत नाही हे इस्तंबूलभाऊंचं वाक्य मला पटलं नाही. पद्धत बदलायला पण माणसं आणि महिने लागतात.

डच_कट्टा | १७ एप्रिल २०२४

नेदरलँड्समध्ये राहते, डच लीग नियमित बघते, म्हणून स्लॉटबद्दल थोडं.

७ एप्रिलला फेयेनूर्डने आयाक्सला ६-० हरवलं. आयाक्स यंदा कोलमडलंय हे मान्य, तरी गोल कसे झाले ते बघा. गोल-किकच्या वेळी फेयेनूर्डचे दोन मिडफिल्डर आपल्याच पेनल्टी बॉक्सच्या तोंडाशी, एकमेकांपासून फार लांब नसलेले उभे राहतात. समोरच्यांना वाटतं सापडले, ते धावत येतात. एक पास आत, एक पास मागे, आणि तिसरा माणूस मोकळा. डी झेर्बीची आठवण येईल, पण इथे चेंडू सुटला की सगळे सुसाट पुढे. उगाच घोळवत बसणं नाही.

दुसरं म्हणजे राइट-बॅक गेर्ट्रुइडा. चेंडू आपल्याकडे असताना तो कडेला राहत नाही, आत मिडफिल्डमध्ये येतो, कधी कधी तर थेट पुढे घुसतो. ट्रेंट गेलं वर्षभर जे करतोय त्याच्या फार जवळचं. स्लॉटला ट्रेंटला पहिल्यापासून काही समजवावं लागणार नाही.

उणी बाजूही सांगते. अ‍ॅझेड अल्कमारने त्याला डिसेंबर २०२० मध्ये काढलं, कारण तो मोसम चालू असताना फेयेनूर्डशी बोलत होता. इथे बऱ्याच जणांना ते रुचलं नव्हतं. आणि युरोपाबद्दल इस्तंबूल२००५ यांचा मुद्दा खराच आहे. यंदा चॅम्पियन्स लीगच्या गटात अ‍ॅटलेटिको आणि लात्सिओच्या मागे तिसरे राहिले. बरोबरीच्या संघाविरुद्ध आघाडी टिकवताना हा संघ अडखळतो. पण गेल्या वर्षी लीड्स आणि टॉटनहॅम मागे लागलेले असताना तो नवा करार करून थांबला, हेही लक्षात घ्या.

तो थंड मात्र अजिबात नाही. क्लॉपसारखा छाती बडवणार नाही एवढंच.

नवखा_रेड | १७ एप्रिल २०२४

दादा/ताई, एक शंका. सालाह, व्हॅन डाइक आणि ट्रेंट तिघांचेही करार २०२५ च्या जूनमध्ये संपतायत ना? नवा मॅनेजर कोण यावर ते थांबणार की जाणार हे ठरेल का?

एनफिल्ड_रोड | १७ एप्रिल २०२४

ठरेल, आणि म्हणूनच निर्णय लांबवणं परवडणारं नाही. सही करण्याआधी हे तिघे एकच विचारणार, संघ पुढच्या वर्षी जिंकण्यासाठी उभा आहे की तीन वर्षांनी जिंकण्यासाठी? सालाह ३१ चा आहे, व्हॅन डाइक ३२ चा. नव्याने उभारणीची भाषा करणारा मॅनेजर त्यांच्या कामाचा नाही.

फातोर्डा | २२ एप्रिल २०२४

अमोरिम वेस्ट हॅमशी बोलायला लंडनला गेल्याची बातमी आली. म्हणजे लिव्हरपूलने त्याचा नाद सोडला असं समजायचं का?

इस्तंबूल२००५ | २२ एप्रिल २०२४

तसंच दिसतंय. वाईट वाटलं. स्पोर्टिंगची लीग जिंकायची बाकी असताना त्याने हे करायला नको होतं, पण आपल्या लोकांनी त्याला एवढं ताटकळत ठेवायलाही नको होतं. अजूनही म्हणतो, या यादीत त्याच्याएवढी उंच झेप घेऊ शकणारा दुसरा नव्हता.

ठाणेकर_६ | २२ एप्रिल २०२४

आपल्या मुंबई सिटीचं उदाहरण देतो, कारण योजना आधी आणि माणूस नंतर हे तिथे डोळ्यांदेखत घडलं. मॅनेजर डेस बकिंगहॅमने गेल्या मोसमात आयएसएलची शील्ड (साखळीत अव्वल राहिल्याचा मान) जिंकून दिली, सलग १८ सामने अपराजित. नोव्हेंबरमध्ये मोसम ऐन रंगात असताना तो ऑक्सफर्ड युनायटेडला गेला. दुसरा कुठला क्लब असता तर गडगडला असता. क्लबचे मालक असलेल्या सिटी ग्रुपने त्यांच्याच मेलबर्न सिटीतून पीटर क्रॅटकीला आणलं. बकिंगहॅमही तिथलाच होता. चेंडू मागून खेळत न्यायची तीच शिकवण. मोहन बागानविरुद्ध शेवटच्या सामन्यात शील्ड निसटली, पण निसटली ती शेवटच्या सामन्यात.

क्रॅटकी येण्याआधी इथे किती जणांना त्याचं नाव माहीत होतं?

फातोर्डा | २५ एप्रिल २०२४

ठाणेकर, त्या क्रॅटकीच्या संघाने काल रात्री गोव्यात आमच्याच मैदानावर आमच्या एफसी गोवाचं काय केलं ते तुम्ही पाहिलंतच. २-० पुढे होतो, ९० मिनिटं झाली आणि मग तीन गोल. छांगतेला शेवटी कोणी धरलंच नाही. अजून बोलवत नाही.

त्यावर रात्री साडेबाराला मर्सीसाइड डर्बी लावली. एव्हर्टन २, आपण ०. त्यांच्या गुडिसन मैदानावर २०१० नंतर पहिल्यांदा हरलो. लीग गेली.

शाहू_स्टेडियम | २५ एप्रिल २०२४

कालच्या सामन्यात एक गोष्ट ठळक दिसली. एव्हर्टनचे दोन्ही गोल सेट-पीसवरून (फ्री-किक, कॉर्नर). आणि पुढे नून्येझ, सालाह, दियाझ तिघांनी संधी घालवल्या. पॅलेसविरुद्धही हेच झालं होतं. संघ संधी तयार करतोय, फक्त चेंडू हातचा गेल्यावर फार उघडा पडतोय. नवीन माणसाने मोडतोड न करता एवढंच घट्ट केलं तरी पुष्कळ फरक पडेल. मॅक अ‍ॅलिस्टरला सहा नंबरवर (बचावफळीच्या लगेच पुढचा मिडफिल्डर) खेळवून त्याचा अर्धा खेळ वाया जातोय. एंडो मनापासून खेळतो पण त्याचा वेग पुरत नाही. स्लॉट येणार असेल तर तो सहा नंबरला कोणाला उभा करेल?

डच_कट्टा | २६ एप्रिल २०२४

स्लॉटने काल स्वतःच कॅमेऱ्यासमोर सांगितलं की त्याला लिव्हरपूलला जायला आवडेल. दोन्ही क्लबांत नुकसानभरपाईचं जमल्याची बातमी आज आली आहे. इथले लोक नाराज नाहीत. रविवारी डच कप जिंकून दिला, त्यामुळे मानाने जातोय.

सहा नंबरबद्दल माझं मत ग्राव्हेनबर्ख. आयाक्समध्ये तो लहान वयात मधोमध खेळायचा, अंगावर माणूस असताना वळून निघण्याची त्याची कला स्लॉटच्या त्या दोन मिडफिल्डरांच्या रचनेत सोन्यासारखी आहे. क्लॉपने त्याला वर खेळवलं म्हणून आपल्याला तो अर्धवट वाटतो.

इस्तंबूल२००५ | २६ एप्रिल २०२४

ग्राव्हेनबर्ख सहा नंबर? मला पटत नाही, त्याला चेंडू हिसकावता येत नाही. पण ठीक आहे. स्लॉट आला की तो आपला मॅनेजर, आणि ऑगस्टपासून मी त्याच्या पाठीशी. एकच म्हणेन, त्याला पहिल्या खराब महिन्यात क्लॉपच्या तराजूत तोलू नका. क्लॉपलाही पहिल्या मोसमात आठवा क्रमांक मिळाला होता, दोन फायनल हरलो होतो, तरी आपण त्याच्या नावाने गात होतो.

एनफिल्ड_रोड | २६ एप्रिल २०२४

इस्तंबूल, हे शंभर टक्के. फरक एवढाच की क्लॉप आला तेव्हा अपेक्षा तळाला होत्या, स्लॉटला मात्र पहिल्या दिवसापासून जिंकायचं ओझं आहे. म्हणून खरेदी कमी झाली तरी मी तक्रार करणार नाही. एक चांगला सहा नंबर मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर आहेत त्यांतून घडवा. त्यासाठीच तर हा माणूस आणतोय.

नवखा_रेड | २६ एप्रिल २०२४

फेयेनूर्डचे कुठले सामने बघू? सुट्टी लागलीये.

डच_कट्टा | २६ एप्रिल २०२४

आयाक्सविरुद्धचा ६-० बघ, पण तेवढ्यावर थांबू नकोस. ऑक्टोबर २०२३ चा माद्रिदमधला अ‍ॅटलेटिकोविरुद्धचा सामना बघ, दोनदा आघाडी घेऊन ३-२ हरले तो. आघाडीवर असताना दोन मिडफिल्डरांमधलं अंतर कसं वाढत जातं ते नीट बघ. मग तिरानाची रोमाविरुद्धची फायनल. समोरचा संघ प्रेस करायला येतच नाही, मागे दाटीवाटीने बसतो, तेव्हा स्लॉटचा संघ काय करतो ते तिथे कळतं. प्रीमियर लीगमध्ये एनफिल्डवर येणारे अर्धे संघ तसेच बसणार आहेत.